फाटकापलीकडचा बाक

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसणाऱ्यांना कथा अर्धीच पोचते आणि उरलेली अर्धी ते घरी जाऊन आपल्या मनाने रचतात. आज एका मास्तरीणबाईंची गोष्ट सांगायची आहे. भीतीची आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण भूतखेत त्यात नाही. भरदिवसा, उन्हात, चार माणसांत उभं असताना पायाखालची जमीन सरकते ना, ती भीती. तेव्हा मोबाइल बंद करा, हरीचं नाव घ्या आणि ऐका.

या बाई परदेशात एका शाळेत गणित शिकवत. आपल्या मुलखापासून विमानाने सहा तासांवर. वय बेचाळीस, डोक्यावर थोडा खडू आणि थोडं पिकलेपण, कुठलं काय ते ओळखू येऊ नये असं मिसळलेलं. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मागे सासूबाई एकट्या उरल्या, म्हणून बाईंनी त्यांना आपल्याजवळ आणलं. नातेवाईक म्हणाले, "सासूला कशाला गळ्यात बांधून घेतेस?" बाई म्हणाल्या, "गळ्यात नाही, शेजारी."

सासूबाईंचं अर्धं आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. बुवा उभे राहायच्या तासभर आधी जाऊन पहिल्या रांगेत बसायच्या, आणि शेजारी आपला हिरव्या काठाचा पंचा अंथरून ठेवायच्या. कुणी बसायला आलं की म्हणायच्या, "जागा धरलीय हो. सून येतेय." सून तेव्हा आपल्याकडच्याच शाळेत होती; शाळा सुटल्यावर धापा टाकत यायची, पंचा उचलून बसायची आणि पूर्वरंग संपायच्या आत पेंगायला लागायची. सासूबाई कोपराने ढोसायच्या. "घरी झोप गं, इथे बुवांचा अपमान होतो." परदेशातल्या दोन खोल्यांत कीर्तन कुठलं? मोबाइलवर लावायचं. पण तेव्हाही पंचा शेजारी अंथरलेला असायचाच.

गेल्या सहा महिन्यांत मात्र सासूबाईंच्या डोक्यातले दिवे एकेक करून मिणमिणायला लागले होते. एकदा कचरा टाकायला खाली उतरल्या त्या तिसऱ्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात सापडल्या. स्टुलावर बसून शांतपणे त्याची बटणं रंगांप्रमाणे लावत होत्या. तिथली भाषा बाईंना कामापुरती येई. सासूबाईंना अक्षरही नाही. त्यात साखरेचा आजार. गोळी घेतली की नाही हे आठवेना, म्हणून एकदा दोनदा घेतली आणि घाम सुटून कोसळल्या.

त्या दिवसापासून बाईंनी आपल्या धंद्यातली युक्ती घरात आणली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाकिटात भरायच्या, तोंडावर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर आडवी सही ठोकायची, म्हणजे कुणी मध्ये उघडलं तर कळतं. तशाच त्यांनी गोळ्यांच्या कागदी पुड्या केल्या. प्रत्येकीत गोळी आणि तिच्याआधी खायचा लाडूचा तुकडा; वर वेळ, पट्टी आणि सही.

"गोळी आहे की वार्षिक परीक्षा?" सासूबाई हसायच्या. पण सुनेची सही दिसल्याशिवाय पुडी फोडत नसत. आणि परक्याच्या हातचं काही खायचं नाही, हेही सुनेने बजावलेलं. बाकी पुष्कळ विसरल्या, हे दोन नियम तेवढे पक्के राहिले.

आता शाळेतलं एक पात्र. तिथल्या कचेरीत एक कारकून होता. कपाटं, किल्ल्या, नोंदवह्या सगळं त्याच्या ताब्यात. रजा मागा, नाही. जादा खडू मागा, नाही. बाईंनी आणि सासूबाईंनी मिळून त्याला नाव ठेवलं होतं, कुलूप. "आज कुलूप काय म्हणालं?" असं संध्याकाळी सासूबाई विचारायच्या. शाळेच्या रिवाजाप्रमाणे परदेशी शिक्षकांचे पासपोर्टही या कुलपाच्याच ताब्यात. सुट्टी लागली की खाकी पाकिटात घालून, वर नाव लिहून, सही घेऊन द्यायचं. सासूबाईंचा पासपोर्ट तेवढा त्यांच्या कमरेच्या बटव्यात. "माझा मी सांभाळते. कुलपाला म्हणावं, तू तुझं दार सांभाळ."

सासूबाईंचा परवाना पाहुण्याचा, तीन महिन्यांचा. तो संपायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकायचं, पलीकडच्या गावी दोन रात्री काढायच्या आणि नव्या शिक्क्याने परत यायचं. म्हणून दर सुट्टीत सासू-सून बसने सरहद्दीच्या नाक्यावर जात. सासूबाई त्याला 'शिक्क्याची यात्रा' म्हणत आणि डब्यात लाडू घेत.

यंदा सुट्टी लागायच्या दिवशी फार गडबड झाली. आजारी पडलेल्या तीन मुलांची फेरपरीक्षा बाईंनी त्याच दुपारी घेतली. तीन उत्तरपत्रिका दुमडून खाकी पाकिटात भरल्या. तेवढ्यात कुलूप आलं, पासपोर्टचं पाकीट टेबलावर ठेवलं, सही घेतली आणि म्हणालं, "परीक्षेचं पाकीट पाच मिनिटांत द्या, कपाट बंद करायचंय." बाईंनी दोन्ही पाकिटं समोर ओढली, हाताच्या सवयीने दोन्हींना पट्टी लावली, दोन्हींवर सही ठोकली. दोन्हींवर त्यांचंच नाव. एक कुलपाकडे गेलं, एक पिशवीत.

आणि बसमध्ये पिशवी चाचपताना पाकीट लागलं, जाडसर, कडक. मन निवांत झालं. उघडून कशाला बघतील? सीलबंद पाकीट दोन माणसांसमोरच फोडायचं, हे अठरा वर्षं बोटांत मुरलेलं.

कळलं ना, आता काय होणार ते? बाईंना नव्हतं कळलं.

नाक्यावर सकाळी साडेदहाला पोचल्या. पत्र्याच्या छपराखाली लांब रांग, अंगाला अंग लागेल अशी. एका शिपायाने सासूबाईंचे पांढरे केस पाहिले आणि बाजूच्या दाराकडे हात केला. वयस्कर माणसांना तिकडून वेगळं सोडत. बाईंना बरंच वाटलं; म्हातारं माणूस उन्हात किती वेळ उभं करायचं?

"आई, शिक्का मारला की सरळ चालत जायचं. पलीकडच्या फाटकातून बाहेर पडलं की लाकडी बाक आहे. मागच्या वेळी बसलो होतो, तोच. तिथे बसा. मी येईपर्यंत हलायचं नाही."

"हलतेय कशाला? माझ्या काय पायाला चाकं आहेत?" सासूबाई म्हणाल्या. पंचा खांद्यावर टाकून, बटवा घट्ट धरून दारातून आत गेल्या. जाळीतून बाईंना त्या दिसत होत्या, दोन फाटकांमधल्या बंदिस्त वाटेवर, एका हाताने कठडा धरून. एकदा वळून पाहिलं. मग वळणाआड गेल्या.

पाऊण तासाने बाईंची पाळी आली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने हात पुढे केला. बाईंनी पाकीट दिलं.

"फोडून द्या," तो म्हणाला.

बाईंनी पट्टी ओढली. आतून निघाल्या निळ्या रेघांच्या तीन उत्तरपत्रिका.

ऐका हो, माणूस घाबरतो तेव्हा आधी काही होतच नाही. बाईंनी पाकीट उलटं केलं, झटकलं. पिशवी ओतली. डबा, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, गोळ्यांच्या पुड्या, लाल पेन. मग त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली.

"माझ्या सासूबाई पलीकडे गेल्यात."

"पासपोर्ट?"

"शाळेत राहिला. पण त्या एकट्या आहेत. त्यांना विसरायला होतं. औषध माझ्याजवळ आहे. त्यांना परत बोलवा."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने वही पाहिली. "बाहेर पडल्याचा शिक्का बसलाय. आजच्या आज परत घेता येत नाही."

"मग मला पाच मिनिटं जाऊ द्या. हात जोडते."

"बाई, कागदाशिवाय मी माझ्या आईलाही सोडू शकत नाही. फाटक सहाला बंद होतं. तोवर आणा."

"पलीकडच्या नाक्यावर फोन तरी करा. त्यांच्याजवळ मोबाइल नाही."

त्याने केला. वाजत राहिला. पुन्हा केला. "जेवायला गेले असतील," म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

रांगेत भाजीच्या टोपल्या घेऊन रोज ये-जा करणारी एक बाई होती. बाईंनी तिचा हात धरला. बिस्किटांचा पुडा दिला, सासूबाईंचं वर्णन सांगितलं: पांढरे केस, बाकावर, हिरव्या काठाचा पंचा. भाजीवाली पुडा घ्यायला तयार झाली, पण गोळ्यांची पुडी पाहून मागे सरली. "औषध नको. तपासणीत सापडलं तर माझी टोपली जाईल." आणि ती वळणाआड गेली. तीही परत दिसायची नव्हती. ती दुसऱ्या वाटेने परतत असे.

बाईंनी फोन काढला. शाळेतला एकच नंबर सुट्टीतही उचलला जाई. तोच नेमका लावायची भीती वाटत होती. एक तर पासपोर्ट मागे राहिला, वर उत्तरपत्रिका शाळेबाहेर नेल्या. नोकरी जायला यातलं दुसरंच पुरे. नोकरी गेली की परवाना गेला. पण त्या घडीला नोकरी कुठल्या कुठे राहिली. बाईंनी कुलपाला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.



"पट्टी तुमचीच?" कुलूप म्हणालं.

"हो."

"सही?"

"अहो, सही माझीच! त्या म्हातारीला काही झालं तर—"

"परीक्षेच्या कपाटाला दोन कुलपं आहेत. दुसरी किल्ली मोठ्या बाईंकडे. बघतो." फोन बंद.

बघतो! कुलूप 'बघतो' म्हणालं की शाळेत लोक आशा सोडून देत. बाई कठड्याशी खाली बसल्या. पंचवीस मिनिटांनी फोन आला. "मोठ्या बाई केसांना रंग लावून बसल्या होत्या. तशाच टॉवेल गुंडाळून आल्या. पाकीट घेतलं. निघतो." पुन्हा बंद.

आता गणिताच्या बाईंनी काय करावं? गणितच केलं. अंतर दोनशे चाळीस. वेग पन्नास धरला तर चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. बाराला निघाला तर पावणेपाच. वाटेतला घाट, त्याला अर्धा तास. पेट्रोल, पंधरा मिनिटं. साडेपाच. पुन्हा केलं. पुन्हा साडेपाच. मग उत्तर कितीही वेळा तेच आलं तरी विश्वास बसेना.

मांडीवर त्या तीन उत्तरपत्रिका होत्या. पाचवा प्रश्न त्यांनीच काढलेला: बस इतक्या वाजता निघाली, वेग इतका, तर मुक्कामी केव्हा पोचेल? पहिल्या मुलीचं उत्तर बरोबर. दुसऱ्याने भागाकारात गोंधळ करून बस निघायच्या आधीच पोचवली होती. एरवी बाई हसल्या असत्या. तिसऱ्या मुलीने सगळी आकडेमोड नीट केली होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'पण वाटेत काय होईल ते दिलेलं नाही.'

बाईंनी उत्तरपत्रिका मिटल्या.

एक वाजला. आईंची गोळीची वेळ. जेवणाची वेळ. आई बाकावर असतील? की सावली शोधत उठल्या असतील? उठल्या तर बाक कुठला हे आठवेल? कुणी 'चला आजी' म्हटलं तर जातील? रस्ता ओलांडतील? दोन वाजले. बाईंना शिंप्याच्या दुकानातली बटणं आठवत राहिली. तिथे निदान गल्ली ओळखीची होती. तीन वाजता बाई पुन्हा खिडकीशी गेल्या. अधिकाऱ्याने न विचारताच फोन उचलला. या वेळी लागला. तो बोलला, ऐकलं, ठेवला. "तिकडचा माणूस म्हणतो, बाकांवर पुष्कळ म्हाताऱ्या बसतात."

"विठ्ठला," बाई म्हणाल्या. कीर्तनात पेंगणाऱ्या बाई, पण त्या दुपारी त्यांनी जेवढं नाव घेतलं तेवढं पहिल्या रांगेतल्यांनीही घेतलं नसेल. हात जोडायचंही भान नव्हतं, कठड्याचा गज धरूनच घेतलं. त्याला चालतं. त्याला सगळं चालतं.

साडेपाच झाले. कुणी नाही. पाच पस्तीस. शिपाई दोऱ्या गुंडाळू लागले. पाच चाळीसला धुळीने पिठासारखी पांढरी झालेली एक मोटारसायकल आली. वर हेल्मेट, त्याखाली कुलूप. पोटाशी दोन पट्ट्यांनी बांधलेली कापडी पिशवी.

"आधी ते पाकीट," कुलूप म्हणालं.

"काय?"

"उत्तरपत्रिका. मोजून द्या."

बाईंनी तीन मोजून दिल्या. कुलपाने फाटलेली पट्टी उन्हाकडे धरून पाहिली. "फोडताना दुसरं माणूस कोण होतं?"

"हे." बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं.

कुलूप सरळ खिडकीशी गेलं. पेन पुढे केलं. "साहेब, इथे सही. 'माझ्यासमोर फोडले.' तारीख, वेळ." अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, मुकाट्याने सही केली. बाईंची नोकरी त्या एका सहीने वाचली, हे त्यांच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

मग कुलपाने दुसरं पाकीट काढलं. पट्टी जशीच्या तशी.

"तुम्ही उघडून बघितलंच नाही?" बाईंचा आवाज चिरकला. "आत पासपोर्ट नसेल तर?"

"सीलबंद होतं," कुलूप म्हणालं. "दाबूनसुद्धा बघितलं नाही." पण हे म्हणताना त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, आणि बाईंना पहिल्यांदाच कळलं की दोनशे चाळीस किलोमीटर हा माणूसही तेवढाच भ्यायलेला होता.

बाईंनी पट्टी ओढली. पासपोर्ट.

शिक्का बसला तेव्हा सहाला अकरा मिनिटं कमी होती. "पळा," कुलूप म्हणालं. आभार मानायचे राहिलेच. त्या बंदिस्त वाटेवरून पळाल्या, पिशवीतला डबा पाठीवर आपटत होता. वळण. दुसरी खिडकी, दुसरा शिक्का. फाटक.

बाक रिकामा होता.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. रस्ता, गाड्या, माणसं, पुन्हा माणसं. "आई!" त्यांनी हाक मारली. चार परक्या बायकांनी वळून पाहिलं. घसा फाटेस्तोवर पुन्हा मारली. आणि मग भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे ऊन कलल्यावर सावली सरकली होती, तिथे दुसरा एक बाक दिसला.

त्यावर सासूबाई होत्या. ताठ बसलेल्या, बटवा मांडीवर. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब. शेजारी हिरव्या काठाचा पंचा, नीट चार घड्या घालून अंथरलेला.

"आई!" बाई धावल्या आणि पंचा उचलून बसायला गेल्या, नेहमीसारख्या.

सासूबाईंनी पंच्यावर हात ठेवला. "इथे नाही हो बसायचं. जागा धरलीय."

"आई, मी आहे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. राग नव्हता, भीती नव्हती, पण ओळख नव्हती. "सून येतेय माझी," त्या समजावून सांगू लागल्या. "शाळेत शिकवते. गणित. फार हुशार, पण वेंधळी."

 बाई बाकासमोर जमिनीवरच बसल्या. दिवसभर ज्या ज्या भीती मोजल्या होत्या त्यांत ही एकच धरायची राहिली होती.

बाकाच्या टोकाला बिस्किटांचा पुडा पडला होता, न उघडलेला. "एका टोपलीवालीने दिला," सासूबाई म्हणाल्या. "परक्याच्या हातचं नाही खायचं. सुनेने सांगितलंय." त्यांची बोटं कापत होती. साखर खाली गेलेली, हे बाईंना दिसत होतं. बाईंनी तोच पुडा फोडून बिस्किट पुढे केलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. पाणी दिलं, नको. परक्याच्या हातचं नाही. रडावं, ओरडावं की जबरदस्तीने भरवावं?

मग बाईंनी पिशवीतली कागदी पुडी काढली. त्यात गोळीआधी खायचा लाडूचा तुकडा रोज असायचा. एक वाजताची पुडी, अजून बंद. ती सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

सासूबाईंनी पुडी डोळ्यांजवळ नेली. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. आडवी सही, शेवटी खाली ओढलेली रेघ.

"ही तिचीच सही," त्या म्हणाल्या. "तिने पाठवलंय होय? मग आधी नाही सांगायचं?" आणि पट्टी सोलून लाडू तोंडात घातला. हळूहळू चावला. पुडीतली गोळी बाईंनी अलगद काढून घेतली. बाईंनी बाटली धरली, त्या पाणीही प्यायल्या. थोड्या वेळाने कपाळावरचा घाम ओसरला.

मागे फाटक बंद झाल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी जमिनीवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं. कीव आली असावी. पंचा उचलला, मांडीवर घेतला.

"तिला उशीर दिसतोय. बसा तोवर. पण ती आली की उठायचं हं."

"उठेन," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच जागेवर बसल्या.

अशी गोष्ट. पुढे ओळख परत आली, गेली, पुन्हा आली, ते चालायचंच. एक मागणं मात्र आहे. बाई आत पळाल्या तेव्हा बंद होणाऱ्या फाटकाच्या अलीकडे एक माणूस हेल्मेट काखेत धरून उभा होता. त्याला पलीकडे काय झालं ते दिसलं नाही, कुणी पाणीही विचारलं नाही, आणि दोनशे चाळीस किलोमीटर परत जायचं होतं. आज घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्याची आठवण काढा. नाव मला ठाऊक नाही, बाईंनीही कधी सांगितलं नाही. नुसतं कुलूप म्हणा. पोचेल.